जर्मनच्या बाई

व्होल्गाकाठच्या त्या गावात, मुलींच्या शाळेत, अवगुस्ता फ्योदरोव्हना तेवीस वर्षं जर्मन शिकवत होती. घराणं मूळचं जर्मन, बाल्टिककाठच्या कूरलँड प्रांतातल्या मिताऊचं. पण चार पिढ्या झारच्याच राज्यात गेलेल्या. जर्मनी तिनं नकाशातच काय ती पाहिली होती. आपल्या पोरी जर्मन विद्यापीठांत शिकून डॉक्टर व्हाव्यात म्हणून गावचे लोक एकेकाळी तिच्या शिकवणीसाठी खेटे घालायचे.

चौदा साली जर्मनीशी युद्ध पेटलं; फ्रान्स रशियाच्या बाजूला. फ्रेंचच्या बाईंच्या टेबलावर पालक फुलं ठेवू लागले आणि हिच्या फळ्यावर कुणीतरी 'हेर' लिहिलं. अभ्यासक्रमातून जर्मन गेली नव्हती, पण गव्हर्नरचा हुकूम निघाला होता: चारचौघांत जर्मन बोलेल त्याला शिक्षा. म्हणजे वर्गात बोलायचं आणि दाराबाहेर पाऊल पडलं की तोंड मिटायचं. सोडून जावं, तर पेन्शनला दोनच वर्षं उरलेली.

घरी म्हातारी आई. रशियनचा गंध नाही, त्यात कानानं अधू. पुढच्या उन्हाळ्यात ती एकटीच बाजारात गेली आणि वाट चुकली. येईल-जाईल त्याला मोठ्यानं जर्मनमध्ये पत्ता विचारू लागली. शिपायानं तिला चौकीवर नेलं.

अवगुस्ता धावत पोचली. फौजदार प्रोखोर येगोरोविच खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझ्या लिदाला तुम्हीच शिकवलंत. पण इथं चार माणसं बसलीत. जे काय सांगायचं ते रशियनमध्ये सांगा."

"गुस्टे! मी काय चोरी केली का गं?" म्हातारी ओरडली.

"आई, गप्प बस. घरी जाऊ," अवगुस्ता रशियनमध्ये म्हणाली.

म्हातारी तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा पडला. "तूही त्यांच्यासारखंच बोलायला लागलीस?"

अवगुस्तानं तिचे हात धरले आणि जर्मनमध्ये सांगितलं, "मी आलेय, आई. भिऊ नकोस."

"अहो, निदान हळू तरी बोला!" फौजदार कळवळला.

"हळू बोललं तर तिला ऐकू येत नाही."

कागद वर गेलेच. नोकरी गेली, पेन्शनही गेली. गाव सोडायला बंदी. दर सोमवारी चौकीवर हजेरी. धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या लेकीला ती फ्रेंच शिकवू लागली. मुलीची आई तिच्या जर्मन वळणाच्या उच्चारांना तोंडावर हसायची.

मिताऊ तोवर जर्मन फौजेच्या हाती पडलं होतं. हे म्हातारीला कुणी सांगितलं नाही. "मिताऊला, घरी कधी जायचं गं?" ती रोज सकाळी विचारायची.

अवगुस्ता खिडक्या लावून घ्यायची आणि मग मोठ्यानं जर्मनमध्ये म्हणायची, "ऊन जरा उतरू दे."