चित्रातली टिकली

माझ्या दादाचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी त्यानेच आईला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, आता टिकली नको. लोक बोलतात." अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला राहणारा, घरातला केर रोबोटकडून काढून घेणारा माणूस! आईने निमूटपणे टिकली काढली. खाली पांढरा डाग निघाला. वर्षानुवर्षं टिकलीच्या गोंदाने तिथली कातडी पांढरी पडली होती.

नंतर आई माझ्याकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आली. सकाळी आरशासमोर तिचा हात सवयीने कपाळाकडे जायचा आणि तसाच खाली यायचा. मला बघवायचं नाही ते. "लाव गं," मी म्हणायचे. "दादाला नाही आवडायचं," ती म्हणायची.

तिच्या पंचाहत्तरीला दादाला तिचं पोर्ट्रेट करून घ्यायची हुक्की आली. आमच्या मागच्या रस्त्यावर एक इंग्लिश चित्रकार बाई राहते. लंडनमध्ये जज्ज आणि कुलगुरू रंगवले, साठीनंतर मुलीजवळ इकडे आली. गॅरेजच्या छताला काच बसवून तिथेच काम करते. फोटोवरून चित्र करत नाही. माणूस समोर बसलेला हवा आणि जे दिसेल तेच ती रंगवणार. इथल्या एका बड्या कंपनीवाल्याने हनुवटी जरा कमी करा म्हटलं, तर तिने चित्रच दिलं नाही त्याला. ते अजून गॅरेजच्या भिंतीला टेकून उभं आहे, हनुवटीसकट.

आई तिच्यासमोर बसायची आणि मी दुभाषी. बाई उभ्याने रंगवायची. मागे जायची, डोळे बारीक करायची, पुन्हा पुढे यायची. मनासारखं झालं नाही की सुरीने सगळं खरवडून टाकायची. पहिल्यांदा आई ओरडलीच, "अगं बाई! नाकच काढलं की माझं!" बाईला शब्द कळले नाहीत, पण ती खो खो हसली, आणि मग दोघींचं जमलं. बाईचे वडील बस चालवायचे. मुलगी चित्रकार होणार म्हटल्यावर त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. ती हकिगत आईने माझ्याकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतली.

शेवटच्या दिवशी दादा विमानाने आला. बाईने चित्र आमच्याकडे वळवलं. आई होती, अगदी आईच. थकलेले डोळे, मिटलेले ओठ आणि कपाळावर तो डाग.

"हे काय? तो डाग कशाला दाखवलाय?" दादा म्हणाला. मग बाईला इंग्रजीत, "इथे एक लाल टिकली रंगवा ना. डागही झाकेल आणि छान दिसेल."

माझं डोकंच फिरलं. "टिकली? तूच काढायला लावलीस ना रे तिला? लाज कशी वाटत नाही तुला?"

"तू लगेच भांडू नकोस यार. चित्रात काय हरकत आहे? हॉलमध्ये लागणार आहे ते. लोक येतात घरी."

लोक! काढायची ती लोकांसाठी आणि लावायची तीही लोकांसाठी. कोण मेले हे लोक, एकदा माझ्यासमोर आणा म्हणावं.

बाई ब्रश पुसत होती. "त्या टिकली लावून बसल्या तर मी रंगवेन," ती म्हणाली, "नाहीतर नाही."

मी आईला मराठीत सांगितलं. आईने दादाकडे पाहिलं.

"लावू?" तिने विचारलं.

पंचाहत्तर वर्षांची बाई स्वतःच्या कपाळासाठी पोटच्या पोराची परवानगी मागत होती. त्याच्या एका 'हो'साठी तिचा चेहरा इतका आतुर झाला होता, की मला रडू फुटायला आलं.

दादा घुटमळला. "तसं नाही गं आई. चित्रापुरतं म्हणतोय मी. रोज कशाला?"

आई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"म्हणजे चित्रातल्या बाईला चालते, मला नाही," ती म्हणाली. "मग यापुढे तिलाच आई म्हण."