जुन्या भुशाची मूठ

भाद्रपदातल्या त्या सकाळी गाडी आमच्या पाटोद्याच्या घरासमोर उभी होती. निवृत्तीनंतर माहेरच्या या घरी येऊन राहिलेल्या सुंदराताईंना मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवायचे ठरले होते. ऊन उंबऱ्यापर्यंत आले होते, आणि घोंगडीतून ताईंचा कोरडा आवाज आला, "मला हलवू नको रे. माझ्या पिंजऱ्यातच ऱ्हाऊ दे." माझे यजमान, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, गोंधळले. ताई तापात बरळताहेत, असे त्यांना वाटले. मला मात्र ते शब्द लख्ख कळले होते...

ताई माझ्या थोरल्या नणंद. बीडच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातले प्राणिगृह त्यांनी उभी हयात सांभाळले. पांढरे उंदीर, थोडे ससे. त्यांना जगवायचे, आणि प्रयोग संपला की वेदनेविना मरणही द्यायचे, दोन्ही त्यांच्याच हातून. लग्नानंतर मराठीत एम.ए. करायला मी त्यांच्याकडे राहिले होते. दुपारी प्राणिगृहात डबा घेऊन गेले की दारातच वास भेटे, लाकडाच्या भुशाचा, भिजल्या हरभऱ्याचा, किंचित उग्रसा. ताई पिंजरे घासूनपुसून लख्ख करीत, नवा भुसा पसरीत, आणि मग बाजूला राखलेल्या जुन्या भुशाची एक मूठ हळूच त्यात सोडीत.

"एवढं घासलंत ताई, आणि पुन्हा तीच घाण कशाला?"

"घाण न्हाई ग, घर हाय त्यांचं. वास गेला की त्यांला वाटतं, परमुलखात आलो. तू न्हाई का माहेरची गोधडी संगं आणलीस? मी म्हणलं का तुला, टाकून दे म्हणून?"

मी लाजले, आणि ताई भुसाभरल्या हातांनी तोंड झाकून खुदूखुदू हसल्या.

मरणाच्या दिवशी ही रीत अधिकच कडक होई. एकत्र वाढलेले उंदीर वेगळे करायचे नाहीत, अनोळखी डब्यात कोंबायचे नाहीत; त्यांच्याच पिंजऱ्यासकट शेजारच्या खोलीत न्यायचे आणि वायू अगदी हळूहळू सोडायचा. कळपाच्या नजरेसमोर सुरी काढू नये, हे त्यांच्या मेंढपाळ वडिलांनी शिकवलेले. बाकीचे ताई नोकरीत शिकल्या होत्या. एकदा दिवाळीच्या सुटीआधी तिथले एक प्राध्यापक घड्याळ पाहत म्हणाले, "बाई, भरा की सगळे एकाच डब्यात. मरायचंच आहे त्यांना शेवटी."

"म्हणून तर, सर!" ताई म्हणाल्या. "घाई आपल्याला हाय, त्यांला न्हाई. तुमी निघा, तुमची यष्टी चुकंल."

अशा प्रत्येक संध्याकाळी ताई भाकरी थापायला बसत. ज्वारीच्या पिठात त्यांचे हात नेहमीपेक्षा सावकाश फिरत राहत...

हे सारे मी त्या सकाळी यजमानांना अंगणात उभे राहून सांगितले. डॉक्टरांनी आजार बरा होणार नाही, हे आधीच सांगितले होते. "तिथं नेलं तर चार दिवस जास्ती मिळतील तिला," यजमान म्हणाले. "मिळतील," मी म्हणाले, "पण कुठे?" त्यांनी गाडीचे उघडे दार लावले. मग त्यांनी चालकाला परत पाठवले आणि आत जाऊन बहिणीच्या पायाशी बसले. ताईंनी डोळे उघडले नाहीत. पाय तेवढा त्यांच्या मांडीवर सरकवला. पितृपक्ष लागण्याआधीच एका दुपारी, अंगणातल्या शेळ्यांच्या घंटा ऐकता ऐकता, त्या गेल्या.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. त्यांच्या खोलीला चुना दिला, चादरी-पडदे धुऊन वाळत घातले. घोंगडीही धुण्यासाठी उचलली, तर यजमानांनी ती माझ्या हातून काढून घेतली. नीट घडी घातली आणि ताईंच्या खाटेवरच्या कोऱ्या चादरीवर, उशाच्या बाजूला ठेवली. चुन्याच्या थंड वासातून लोकरीचा, निलगिरीच्या तेलाचा, ताईंचा ऊबदार वास वर आला.

"एवढी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.