कळसाडीचा कोरा मास्क

शहाद्याहून कळसाडीच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्या पिशवीत एक पोस्टर होतं. मास्क लावलेला हसरा शेतकरी आणि खाली, ‘शेतकरीदादा, फवारताना मास्क लावा’. सोमवारी आमची पुण्याची संस्था ते छापणार होती. त्याआधी दोन दिवसांत मी गाव ‘समजून’ घ्यायचं होतं. संस्थेला माझा नुसता होकार हवाय, हा संशय मला बसमध्येच आला.

गावालाही माझा संशय होताच. उतरल्याबरोबर एका दुकानदाराने विचारलं, “ताई, आम्हनी दवाई बंद कराले उनात का?” दवाई म्हणजे कपाशीवरचं कीटकनाशक; ते बंद करायला मी आलेय, असं त्याला वाटलं. मी नाही म्हटलं, तरी त्याची नजर माझ्या पिशवीवरच.

उतरले रमणभाईंकडे. कापूस-केळीचे मोठे शेतकरी. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढून झाल्यावर मी विचारलं, “मास्क आहे का?” त्यांनी खुंटीकडे बोट केलं. “देखा, तठे टांगेल शे.” मास्कची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आणखी चार घरांत विचारलं, चारही ठिकाणी होकार. इतकं शहाणं गाव असतं होय? सगळे मिळून मला बनवताहेत, अशी माझी खात्री झाली.

म्हणून सकाळी न सांगता शेतावर गेले. रमणभाई लांब बांधावर उभे होते. कपाशीत पंप पाठीला लावून फवारत होता दुसराच कोणी, उघड्या तोंडाने.

“मी कोठे फवारस, ताई? मजूर फवारतस,” रमणभाई म्हणाले.

“मग काल?”

“तुम्हीन इचारं, मास्क शे का. शे ना!”

खोटं कोणीच बोललं नव्हतं. फवारतं कोण, हे मीच कुठे विचारलं नव्हतं.

तेवढ्यात वारा फिरला आणि फवारा माझ्या बाहीवर आला. पंप भरून देणारी त्या मजुराची बायको, रूमली, हसली. दोघं सातपुड्यातून मजुरीला आलेली. दुपारी ती हौदापाशी नवऱ्याचा सदरा धूत होती, त्याच टबात तिच्या तान्ह्याची झबली. मी पोस्टर दाखवलं.

“हा डॉक्टर?” तिने मोडक्या मराठीत विचारलं.

फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे असतात, असं मी सांगितलं. तिने टबातले हात वर काढून लालसर बोटं दाखवली. “जळतात. ह्याच हातांनी बाळाला घेते. कोणी सांगितलं नाही मला.”

मला मनापासून लाज वाटली. तिथूनच पुण्याला आमच्या साहेबांना फोन करून छपाई थांबवली. त्यांना माझा संशय आला असावा. गावकऱ्यांनी मला फितवलं, असा त्यांचा सूर होता.

बाहीवर फवारा उडालेला तो कुडता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुण्याला परतले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तासभर रूमलीबद्दल तळमळीने बोलले. पोस्टर नव्याने करायचं ठरलं, धुणाऱ्या बायकांसाठी. फार समाधानाने घरी आले.

न्हाणीघरात आमच्या धुणंवाल्या मावशी वाकलेल्या. ती पिशवी रिकामी, कुडता बादलीत, घरादाराच्या कपड्यांत.

“मावशी, थांबा!” मी ओरडले.

त्यांनी कोपरापर्यंत भिजलेले हात बाहेर काढले. “का गं? काय आहे त्यात?”