दाढीवाली सवत

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे. मास्तर कापतात, वहिनी शिवतात आणि मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून दोघांच्याही कामात खोडा घालतो. तेव्हा सांगतोय ते ऐकीव नाही. थोडं तिखटमीठ माझं, एवढंच.

मास्तर माणूस नाकासमोर चालणारा. विडी नाही, पत्ते नाहीत. पण देव प्रत्येकाला एक खोड देतोच. ह्यांना जॅझ पियानोचं वेड, तेही एकाच वादकाचं. त्याच्या तबकड्यांची थप्पी कापडाच्या ताग्यांमागे रचलेली आणि प्रत्येक वेष्टनावर तोच: डोक्यावर टोपी, छातीपर्यंत दाढी, डोळे मिटलेले. वहिनींनी त्याला नाव ठेवलं होतं ‘दाढीवाली सवत’.

“खरी सवत परवडली असती, भाऊजी,” त्या मला म्हणायच्या. “निदान बटणांची काजं करायला तरी बसवली असती.”

त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पायमशीनला लय असते. पाय एकदा लागला की शिवण सरळ पळते. आणि हा बाबा ऐन ठेक्यावर गप्प बसायचा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना दोन सूर टाकून मोकळा व्हायचा. वहिनींचा पाय अडखळायचा, दोरा तुटायचा आणि मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तरी चाललं होतं. पण एकदा त्याच्याच नादात मास्तरांनी एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. वहिनींनी मशीन थांबवली.

“आता एक तर हा राहील, नाही तर मी. ठरवा.”

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. म्हणाले, “तू त्याला कधी ऐकलंच नाहीस गं. नुसता कानावर पडलाय तुझ्या.”

“बरं, ऐकते. एकदाच, आणि मशीन चालू ठेवून. पाय अडखळला, की ही थप्पी रस्त्यावर!”

मास्तर कामाला लागले. सगळ्या तबकड्यांतून निवडून एक कॅसेट भरायची, परक्या माणसाला ओळख व्हावी अशी. निवड कशी केली म्हणता? कापता कापता वहिनींच्या पायांकडे टक लावून. मी म्हटलं, “मास्तर, संसाराला इतकी वर्षं झाली, पाय आत्ता दिसले होय?”

“तुम्ही गप्प बसा हो. कॉलरला पाय कसा दबकत चालतो, लांब शिवणीला कसा धावतो, ते बघतोय.”

त्या हिशेबाने सुरुवातीला संथ, मवाळ चिजा. मग हळूहळू वेग. इथवर ठीक होतं. पण पहिल्या बाजूच्या शेवटी त्यांनी भरली त्याची सगळ्यात आडमुठी चीज, ज्यात तो मध्येच थांबतो आणि थांबूनच राहतो.

“ती काढा,” मी म्हटलं. “गळ्याशी येईल.”

“ओळख करून द्यायची आणि स्वभाव लपवायचा? स्थळ सुचवतोय का मी?”

ठरल्या दुपारी कॅसेट लागली. वहिनींनी माझा बाह्यांपुरता राहिलेला कोट शिवायला घेतला, चेहरा इस्त्री केल्यासारखा. पहिल्या चिजेला पाय बरोबर पडला. दुसरीला भुवई जरा वर गेली. पुढे तर पाय असा धावायला लागला, की मास्तरांना घाम फुटला. अन् आली ती शेवटची. दाढीवाला वाजवत वाजवत आला आणि थांबला.

वहिनींचा पायही थांबला. मशीन गप्प, दुकान गप्प. मी खोकला दाबून धरला. तेवढ्यात त्याने ते दोन सूर टाकले.

“आलास का मेल्या!” म्हणून वहिनी खळखळून हसल्या.

बाजू संपली. मास्तर उठले, ताग्यांमागची थप्पी छातीशी धरून दाराकडे निघाले. शब्द म्हणजे शब्द.

“कुठे निघालात?”

“पाय थांबला तुझा.”

“मग? समोरचा बोलता बोलता थांबला, तर आपण खडखडाट करत बसायचं? ठेवा ते जागेवर. आणि दुसरी बाजू लावा.”

मास्तरांनी थप्पी ठेवली. ती पुन्हा नीट रचण्यात ते असे गुंतले, की कॅसेट उलटून लावायला मला उठावं लागलं. उठलोच आहे तर कोटही घालून बघू म्हटलं. उजवा हात आत गेला, तो बाहेर येईना.

“वहिनी, ह्या बाहीला तोंडच नाही!”

ऐकण्याच्या नादात बाईंनी बाहीचे दोन्ही थर एकत्र शिवून टाकले होते. त्यांनी आधी बाहीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मास्तर गळ्यातल्या मापाच्या टेपचं टोक तोंडात धरून हसू आवरत होते.

“हसा,” वहिनी म्हणाल्या. “आणा तो कोट, भाऊजी.”

बाजू संपेस्तोवर त्या मशीनवर बसल्याच नाहीत. मांडीवर कोट घेऊन एकेक टाका उसवत राहिल्या. उसवण्याचा आवाज होत नाही ना.