एका ताटात जेवलेल्या तिरफळ आणि कोकम

तिरफळ मेली.

कमेंटमध्ये "शांत झाली", "देवाघरी गेली" असलं काही लिहू नका प्लीज. ती एक दिवसही शांत नव्हती. आणि देवाघरी गेलीच असेल, तर देवाने आपले हात सांभाळावेत.

माझा उजवा हात ज्यांनी पाहिलाय, त्यांना कळेल.

तिरफळ आणि कोकम, सख्ख्या बहिणी. भांडुपच्या आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममागे सापडल्या. त्यांची आई सोडून गेली की गाडीखाली आली, कुणास ठाऊक. मी केळ्यांच्या खोक्यातून कुत्र्याची ती दोन पिल्लं वर आणली. आमचं मालवणी घर, त्यामुळे नावं मसाल्याच्या डब्यातून आली.

पहिले काही महिने नुसती धमाल.

माझ्या भावाचे, निल्याचे, इयरफोन खाल्ले. शेजारच्या काकूंची कायम एकच चप्पल पळवायच्या, जोडी कधी नाही. गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर आरतीच्या आधी फाडून ठेवलं. एक ओरडा खात असायची, तोवर दुसरी आत जाऊन उशी फोडायची.

झकास टीम होती यार.

आई दोघींना एकाच ताटात वाढायची. आमच्याकडे लहान भावंडांना असंच वाढतात. मी आणि निल्याही तसेच जेवलोय.

"एका ताटात जेवली की माया ऱ्हवता गो," आई म्हणायची.

ट्रेनरला बोलावलं, तो ते ताट बघूनच हबकला.

"मॅडम, दोघींचं सगळं वेगळं करा. जेवण, झोप, वॉक, सगळं. एका वेतातल्या दोन माद्या आहेत. मोठ्या झाल्या की एकमेकींना फाडतील."

आईने त्याला चहा दिला. तो गेल्यावर म्हणाली, "मेल्याक भावंडां नसतली."

मग एका दुपारी ताटात बांगड्याचं डोकं होतं. एकच.

आधी गुरगुर. मग असा आवाज की वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले. तिरफळने कोकमचा कान धरला तो सोडेचना. भिंतीवर रक्त, फ्रिजवर रक्त, भातात रक्त. मी मूर्खपणे मध्ये हात घातला. कुणाचे दात लागले ते आजही माहीत नाही, पण हात मनगटापासून कोपरापर्यंत उसवला. निल्याने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे सुटल्या.

कोकमचा अर्धा कान तिरफळच्या तोंडात राहिला.

तिने तो गिळला. सॉरी, पण गिळला.

आईने दुसरं ताट काढलं, पण तोवर वाट लागली होती. आता त्यांना कारणच लागत नव्हतं. बेल वाजली, मारामारी. मिक्सर लावला, मारामारी.

शेवटी आईने देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी आणि निल्या एकेकीचा पट्टा धरून उभे.

"बा देवा म्हाराजा, ह्या दोन चेडवांच्या मदी जा काय वाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

नारळ फुटला. आणि खोबऱ्याच्या एका तुकड्यावरून तिथेच, देवासमोर, जुंपली. समई आडवी. निल्या मध्ये खुर्ची घालून ओरडतोय, "सोड गो भवाने, सोड!"

ह्या वेळी तिरफळने गळा धरला होता.

कोकम वाचली. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, "एकीला दुसरीकडे द्या. नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे एकच येईल."

दहिसरला निल्याच्या मित्राची वाडी होती. तिरफळला तिकडे द्यायचं ठरलं. खाली रिक्षा उभी. मी तिला पट्टा लावला आणि ढसाढसा रडायला लागले.

निल्या चिडला. "रडतेस काय ताई? मग मरू दे का एकीला?"

आई उठली आणि दारातच बसली. आडवी.

"भावाभावांचा पटला नाय तर चूल येगळी करतत. घरातून कोणाक भायर काढनत नाय."

"म्हणजे काय करू?"

"चूल येगळी कर. रिक्षा पाठव परत."

आमच्या वन बीएचकेची वाटणी झाली. कोकम बेडरूममध्ये आईबरोबर, तिरफळ हॉलमध्ये माझ्याबरोबर. मधलं दार उघडायच्या आधी ओरडायचं, "पकडलीस का?" पाहुणे यायचे बंद झाले. माझ्या स्थळांचं तर बोलूच नका.

लोक वेड्यात काढायचे. "दे ना एक कुणाला तरी, सुटशील."

नाही दिली. रक्त काढत होत्या, पण आमच्या पोरी होत्या त्या.

आणि त्या दोघी? दाराच्या दोन बाजूंना. फटीला नाक लावून रोज गुरगुर, रोज धडका, दार खालून पार कुरतडलेलं. दोघींना चांगल्या गाद्या होत्या. झोपायच्या मात्र दाराला चिकटून.

ह्या वर्षी तिरफळच्या किडन्या गेल्या. आज सकाळी माझ्या मांडीवर मेली. जाताना माझ्या बोटाला चावली. हळू, पण चावली.

डॉक्टर म्हणाले, बहिणीला हुंगू द्या. आईने दार उघडलं.

कोकम तशीच आली. पाठीवरचे केस ताठ, दात बाहेर. सरळ मान धरली आणि झटकली. निल्या खुर्ची घेऊन धावला.

"ऱ्हव," आई म्हणाली.

कोकमने सोडलं. मागे सरकली, पाय रोवून उभी राहिली. आता ही उलटून येणार म्हणून.

तिरफळ आली नाही.

पुन्हा धरलं, आणखी जोरात. तिरफळची मान नुसती इकडून तिकडे गेली.

मग कोकमने आपलं डोकं तिच्या जबड्याखाली घुसवलं आणि तशीच थांबली. आम्ही तिघं बघत उभे.

तिरफळला चादरीत गुंडाळून खाली न्यायला उचललं, तेव्हा कोकमने माझी पोटरी धरली. पँट फाटली, रक्त आलं. मी ओरडले नाही.

चावू दे. तिच्याशी भांडायला आता घरात कुणी उरलं नाही.

जा गो तिरफळे. आईचा, निल्याचा, माझा आणि तुझ्या बहिणीचा तुला शेवटचा नमस्कार.