रुमालावरचा डाग

अकोल्याहून वाशीमला जाणारी गाडी कधी वेळेवर सुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्या पौषातही ती दीड तास खोळंबली. माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती आणि गाडीच्या दर धक्क्याला मी तिला पोटाशी धरत होते. समोरच्या म्हातारीला राहवलं नाही. "लोनचं हाये का, बाई?"

"नाही, औषध आहे."

"मंग एवढं कायले जपून राह्यल्या? फुटलं त फुटलं."

बाटलीत पातळ आयोडिन होतं. मोठ्या इस्पितळात शिकत असताना आमच्या थोरल्या डॉक्टरीणबाईंनी ही युक्ती दाखवली होती. गर्भाशयाच्या तोंडाला ते लावलं की निरोगी भाग काथासारखा तपकिरी होतो. जिथे पुढेमागे कर्करोग व्हायची भीती असते तिथे रंग धरत नाही, पांढरट चट्टा राहतो. दर चट्टा वाईटच असतो असं नाही. नागपूरला तुकडा तपासावा लागतो, आणि वेळेत कळलं तर तेवढाच भाग कापून बाई वाचते. अडचण एकच. तेव्हा दुखत नाही, रक्त जात नाही, म्हणून कुणी बाई दाखवायला येत नाही. मग आपणच बाटली घेऊन खेड्यांत जावं, असं माझ्या मनाने घेतलं.

वाशीमला एका जैन कापडवाल्यांकडे उतरले. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती आणि त्यांच्याकडे सूर्य मावळल्यावर चूल पेटत नाही. घरच्या बाई फार ओशाळल्या. मी पिशवीतले फुटाणे खाऊन झोपले आणि रेल्वेला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

सकाळी रिठदच्या बाजूला दमणी (छपराची हलकी बैलगाडी) निघाली. दोन्ही अंगांना काळी जमीन, उभी तूर आणि फुटलेली कपाशी. ओटीत कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करून पाहत आणि पुन्हा खाली वाकत. गाडीवान म्हणाला, "वेचणीच्या दिवसात तुमच्याकडे कोन येईन, बाई? मेल्यावरबी बाया आधी कापूस वेचतीन." मी हसले. हसायला नको होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या गिरजाबाई सुईणीला मी आधीच निरोप धाडला होता. साठीची, काटक बाई. माझा बेत ऐकून तिने मला आधी कोठे (गुरांचे गोठे) दाखवले. विटाळाचे चार दिवस बाई तिथे बसते, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण गिरजा म्हणाली, "जिचे चार दिवस सरतच नाई, थे मी ध्यानात ठेवतो. अशा दोघी हायेत पाहा."

दोघींना तपासलं. आयोडिनची गरजच नव्हती. रोग हाडामासात शिरला होता. एकीने विचारलं, "बरं वाटंन ना?" मी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि बाहेर येऊन गिरजावर उगाच खेकसले, "आधी का नाही कळवलंस?"

"कोनाले कळवू?" ती म्हणाली.

दुपारी शाळेच्या खोलीत पडदा लावला. दहाबारा बाया दाराशी बसल्या, आत कुणी येईना. तेवढ्यात तिशीची एक उंच बाई उठली. नाव कौतिका. "आधी मले पाहा. मले काई नाई झालं, म्हनून मले भेव नाई. मंग ह्या येतीन."

तिला निजवलं, आयोडिन लावलं. सगळीकडे तपकिरी रंग चढला आणि एका बाजूला नखाएवढा चट्टा कोरा राहिला. मी पुन्हा लावून पाहिलं. तो कोराच राहिला.

मी तिला सांगितलं. सारवलेल्या भिंतीत ओल मुरलेली जागा जशी वेगळी दिसते तसं, म्हणाले. नागपूरला जायला हवं, आणि लवकर. ती रडली नाही. "माही माय दोन वर्सं कोठ्यात बसून गेली," ती म्हणाली. "मी जाईन. पन घरचे धाडनार नाईत. धडधाकट बाईले कोन धाडते?"

ती उठली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की झिरपणारं औषध टिपायला ठेवायचा कापूस उरला नव्हता. कापसाच्या मुलखात माझा कापूस संपला! मी चरफडले, गिरजाने आणलेल्या चिंध्यांवर पुढचं भागवलं आणि विसरून गेले. तिच्यानंतर बाकीच्या बाया आल्या. कुणाला चट्टा नव्हता.

रात्री गिरजाकडे भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा खाल्ला. घास गोड लागला नाही. कौतिकाच्या घरी काय सांगायचं याचे शब्द जुळवत राहिले.

सकाळी तिच्या घरी गेले तर दारात गाडी जुंपत होते. कौतिका कोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. सासू धावत आली. "बाई, हिच्या लुगड्याले डाग लागला. पंधरा दिवसांखालीच बसली होती, अन् पुन्हा! हिच्या मायले असंच झालं होतं. धाडतो आता नागपूरले, लेकरं हायेत हिले."

मी डाग पाहिला. तो माझा होता.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. मला त्याचा अभिमान होता. आपल्या औषधापायी एक बाई कोठ्यात बसावी, हे मला सोसेना. मी बाटली काढली, माझ्या पांढऱ्या रुमालावर थेंब टाकला आणि लुगड्याशेजारी धरला. "पाहा, हे रक्त नाही, माझं औषध आहे. दोनचार धुण्यांत जाईल. पण आत चट्टा आहे, तिला न्यायलाच हवं."

सासूने फक्त पहिलंच वाक्य ऐकलं. तिचा जीव भांड्यात पडला. "रक्त नाई, दुखनं नाई, मंग नागपूर कायले?" मी तासभर समजावलं, शेवटी हात जोडले. तोवर बैल सोडून झाले होते. "वेचनी झाल्यावर पाहू," ती म्हणाली. कौतिका उठली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओटी बांधून शेतात गेली. ती इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, लाजली असेल.

अकोल्याहून मी तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा पौषातच गेले. गिरजा पुढे चालू लागली आणि कोठ्यापाशी थांबली. वास दारातच आला. कौतिका गव्हाणीला टेकून बसली होती, ओळखू येत नव्हती.

"आल्या का, बाई," ती म्हणाली आणि लुगड्याकडे बोट दाखवलं. "या खेपेले तुमची दवाई नाई हाये."

मी तिच्याजवळ बसले. विचारू नये ते विचारलं. डाग औषधाचा आहे हे तिने त्या दिवशी घरी का सांगितलं नाही?

"गाडी गावाभायेर निंघेपरेंत गप बसनार होती मी. मायच्या वक्ती कोनी गाडी जुपली नाई. माह्यासाठी जुपली होती."

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी गोळ्या दिल्या, जखम धुतली. सासू माझ्या पायांवर पडली, "आता न्या हिले, बाई." आता नेऊन उपयोग नव्हता आणि हे खरंही मलाच सांगावं लागलं.

परतीची गाडी उशिराच होती. बाटली मांडीवर होती. खरं बोलल्याची खंत करायची माझी तयारी कधीच नव्हती, पण वाशीमच्या फलाटावर बसून मी ती केली. तिला त्या कोठ्यात चार दिवस बसू द्यायला हवं होतं. मी तिथून उठवलं आणि तिला मरेपर्यंत तिथे बसावं लागलं.

अजून मी गावोगाव जाते. आता कापूस पुरेसा नेते. पण जिच्या आत चट्टा दिसतो, तिच्यासाठी कापूस बाहेर काढत नाही. दुसऱ्या दिवशी तिची सासू घाबरून विचारायला आली, की मी गाडी जुंपायला सांगते आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता बाटलीला बूच लावते.