कल्पनाचा पासवर्ड

ह्यातलं एक अक्षर मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ओतूरला एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. गावात इंटरनेट नवं. मुलींची ई-मेलची खाती मीच उघडून द्यायचे, पासवर्डही मीच ठरवायचे. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. मला तरी कुठं वाटायचं?

क्लासातली कल्पना जवळच्या पिंपरी पेंढारची. घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली आणि तिनं पुण्याच्या एका नर्सिंग कॉलेजात अर्ज केलेला. "आण्णा म्हनलेत, नंबर लागला तर जा, न्हाई तर लगीन," तिनं मला सांगितलं. विश्वासानं. मी तिची ताई होते ना!

मला बारावीनंतर एवढीही संधी मिळाली नव्हती — सरळ बोहल्यावर उभं केलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. पण दुपारी क्लास रिकामा झाला की मी तिचं खातं उघडायचे. वाचायचे. एकदा मुलाखतीचं बोलावणं आलेलं दिसलं. मी ते — कसं सांगू? — पुसून टाकलं. पुन्हा सापडणार नाही असं.

"ताई, आलं का काई?" तिनं विचारलं.

"नाही गं. कधी कधी उशिरा येतं."

ती पडद्यावर उघडलेलं आपलं खातं बघत होती. "न उघडलेला मेल ठळक दिसतो, तुमीच शिकवलं व्हतं. मग मैत्रिणीचा ह्यो मेल साधा कसा? मी तर आत्ता बगतेय."

ती तडक उठली, समोरच्या एसटीडी बूथवर गेली आणि कॉलेजला फोन लावला. मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती!

पहाटेच्या एसटीनं बाप-लेक पुण्याला गेले. आणि कल्पनाचा नंबर लागला.

पेढे वाटायला ती क्लासात आली. माझ्याही हातावर एक ठेवला. मग मुलींकडे वळून म्हणाली, "मी माजा पासवर्ड बदललाय. तुमी पन बदला, आत्ताच. आन् कुनाला सांगू नका — ताईंनाबी न्हाई." कसा बदलायचा, तेही तिनंच दाखवलं.

"ताई, जरा तिकडं तोंड करा," एक मुलगी हसत म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागे सगळे कीबोर्ड एकदम खडखडू लागले. पोरी खिदळत होत्या, एकमेकींपासूनही हातानं अक्षरं झाकत होत्या. कल्पना जिंकली होती — आणि एकटी नाही, सगळ्यांना घेऊन जिंकली होती.

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. तो मेल मी पुसला होता. तिनं जाऊ नये म्हणून.